शल्यशिक्षण आणि आचार्याची मूठ

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस वंदन करून आम्ही आमचे विचार मांडतो.

ऑपरेशन थिएटरमध्ये शिकाऊ सर्जनला कसे शिकवले जाते आणि कसे शिकवले जावे, हा आमचा आजचा विषय. तो कळवला तेव्हा कार्यकारिणीतील एका सदस्याने हसून विचारले, "तुम्ही बँकेतले. तुमचा आणि ऑपरेशनचा संबंध काय?" प्रश्न रास्त आहे. आम्ही कला शाखेचे पदवीधर, बँकेत कारकुनी करतो. इंजेक्शनची सुई पाहिली तरी मान वळवतो. तेव्हा शस्त्र कसे चालवावे हे आम्ही सांगणार नाही. शिकवण्याचा हिशेब कसा ठेवावा, एवढेच सांगणार आहोत. हिशेब हा आमचा धंदाच आहे.

आपला समाज मुलाला वैद्यकीय प्रवेश मिळाला की पेढे वाटतो आणि पदवी मिळाली की हार घालतो. या दोन दिवसांच्या मधल्या वर्षांत त्या मुलाच्या हाताला काय शिकायला मिळाले, हे मात्र आपण विचारत नाही. आम्हीही विचारत नव्हतो. मागे एका रविवारी विहारात वंदना झाल्यावर आपल्यातलाच एक तरुण भेटला. एम. एस. चे पहिले वर्ष नुकतेच संपले होते. आम्ही कौतुकाने विचारले, "डॉक्टर, वर्षभरात किती ऑपरेशने केलीत?" तो म्हणाला, "काका, केली नाहीत. धरली."

आम्हाला अर्थ कळेना. तेव्हा त्याने समजावून सांगितले. पोट उघडल्यावर जखमेच्या कडा बाजूला ओढून धरण्यासाठी एक वाकडे लोखंडी हत्यार असते, त्याला रिट्रॅक्टर म्हणतात. ते धरून तो तासन् तास उभा राहिला होता. त्याच्याच बरोबरच्या दुसऱ्या विद्यार्थ्याने त्याच वर्षात हर्नियाची बरीचशी कामे हाताने केली होती. "असे का?" म्हटल्यावर तो गप्प झाला. आम्हीही जास्त खोदले नाही. पण घरी आल्यावर झोप लागली नाही. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, त्यातले एक वर्ष गेले. असेच चालले तर पदवी हातात येईल, पण हातात विद्या असेल का? उद्या तालुक्याच्या दवाखान्यात रात्री दोन वाजता फुटलेले अपेंडिक्स समोर येईल, तेव्हा हा मुलगा काय करील?

त्या दिवसापासून आम्ही या विषयाचे जे जमेल ते वाचले, ओळखीच्या डॉक्टरांना विचारले. त्याचे सार आपल्यापुढे ठेवतो.

थिएटर हे नाव कसे पडले?

आपल्याकडे थिएटर म्हटले की सिनेमा आठवतो. ऑपरेशनच्या खोलीला थिएटर म्हणण्याचे कारणही फार दूरचे नाही. जुन्या काळी युरोपात मध्ये लाकडी टेबल आणि भोवती पायऱ्यापायऱ्यांची बैठक असे. त्या पायऱ्यांवर विद्यार्थी दाटीवाटीने उभे राहून शस्त्रक्रिया पाहत. लंडनमध्ये १८२२ साली बांधलेले असे एक थिएटर एका चर्चच्या माळ्यावर आजही संग्रहालय म्हणून जपून ठेवले आहे. ईथरची भूल देऊन जाहीर शस्त्रक्रिया बोस्टन शहरात झाली ती १८४६ साली. म्हणजे त्या आधीच्या विद्यार्थ्याने ओरडणारा रोगी आणि घाईत काम उरकणारा सर्जन एवढेच पाहिले. तो प्रेक्षक होता.

प्रेक्षकाला कर्ता बनवण्याची पद्धत अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड यांनी घालून दिली. बाल्टिमोर येथे १८८९ साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले. तेथे त्यांनी शिकाऊ डॉक्टरांना रुग्णालयातच राहायला लावले आणि त्यांच्यावर पायरीपायरीने जबाबदारी वाढवत नेली. 'निवासी डॉक्टर' हा शब्द त्याच व्यवस्थेचा वारसा आहे. आधी पाहा, मग करा, मग दुसऱ्याला शिकवा, अशी एक म्हण सर्जन लोकांत रूढ आहे, तिचे मूळही या परंपरेत सांगतात.

हॉल्स्टेड यांचे ऋण मोठे आहे. पण त्यांच्या पद्धतीत एक उणीव राहिली. पायरी कधी चढायची हे ठरवणारा एकटा गुरू. मुदत ठरलेली नाही, मोजमाप लिहिलेले नाही. तळाशी अनेक आणि शिखरावर एक, असा तो मनोरा होता. गुरूची नजर ज्याच्यावर पडली तो वर गेला. काळ बदलला, अभ्यासक्रमाला मुदत आली, परीक्षा आल्या. पण थिएटरचे दार बंद झाल्यावर आत कोणाच्या हातात सुरी द्यायची, हा निर्णय आजही बहुतेक ठिकाणी त्या दिवशीच्या वरिष्ठांच्या मर्जीवर असतो.

सुरीच्या दोन्ही बाजूंना आपली माणसे

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. 'विद्यार्थ्याला करू द्या, करू द्या' असे ओरडणे सोपे आहे. पण टेबलावर कोण झोपलेले असते? शिकवणारी रुग्णालये बहुतांशी सरकारी किंवा महानगरपालिकेची. तेथे येणारा रोगी म्हणजे वस्तीतली मावशी, कारखान्यातला कामगार, शेतावरचा मजूर. पैसेवाला खाजगी रुग्णालयात जातो. म्हणजे शिकणारा हात आपला आणि ज्याच्यावर शिकायचे ते पोटही आपलेच. या विषयात आपण एकाच बाजूचे वकील होऊ शकत नाही.

शिकवणाऱ्यांची अडचणही समजून घेऊ. सकाळी यादीवर रोगी रांगेत असतात. भूलतज्ज्ञ घड्याळाकडे पाहत असतात. नवख्या हाताला दुप्पट वेळ लागतो. काही चुकले तर जबाबदारी वरिष्ठांची. अशा वेळी "दे इकडे, मीच उरकतो" असे तोंडून निघणे स्वाभाविक आहे. असे म्हणणारा प्रत्येक शिक्षक दुष्ट नसतो. रोग्याचे हित आणि विद्यार्थ्याचे हित यांत भांडण आहे, असे त्याला मनापासून वाटत असते. पण शिकवण्याला पद्धत नसते तेव्हाच हे भांडण लागते. पद्धत असेल तर रोग्यालाही सुरक्षितता आणि विद्यार्थ्यालाही विद्या मिळते. हेच आम्हाला आज सांगायचे आहे.

व्हिव्हियन थॉमस यांची गोष्ट

विद्यार्थी मित्रहो, एका माणसाचे नाव लक्षात ठेवा. व्हिव्हियन थॉमस. जन्म १९१०, अमेरिकेतील लुईझियाना राज्यात. कृष्णवर्णीय कुटुंब, हातात सुतारकाम. डॉक्टर व्हायचे म्हणून या मुलाने पै-पै साठवली. १९३० च्या मंदीत बँक बुडाली आणि साठवलेले सगळे गेले. आम्ही बँकेत काम करतो, म्हणून ही ओळ वाचताना आम्हाला जास्तच लागले.

शिक्षण राहिले. थॉमस हे आल्फ्रेड ब्लेलॉक नावाच्या सर्जनच्या प्रयोगशाळेत लागले. कामे संशोधन सहायकाची, पण दप्तरी नोंद झाडूवाल्याची आणि पगारही तसाच. १९४१ साली ब्लेलॉक जॉन्स हॉपकिन्सला गेले, बरोबर थॉमसही गेले. हॉल्स्टेड यांनी जेथे निवासी पद्धत सुरू केली, तेच हे रुग्णालय.

त्या काळी हृदयातील जन्मजात दोषामुळे काही बालके निळी पडत आणि दगावत. डॉ. हेलन टाउसिग यांनी हा प्रश्न ब्लेलॉक यांच्यापुढे ठेवला. त्यावरची शस्त्रक्रिया प्रयोगशाळेत कुत्र्यांवर पुन्हा पुन्हा करून बसवली ती थॉमस यांनी. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी पहिल्या बालिकेवर ती झाली. सुरी ब्लेलॉक यांच्या हातात होती आणि त्यांच्याच आग्रहावरून थॉमस त्यांच्या पाठीमागे एका स्टुलावर उभे राहून टाका कोठे, कसा घ्यायचा ते सांगत होते. त्या बालिकेला तेव्हा गुण आला. पुढे काही महिन्यांनी ती दगावली. परंतु त्या शस्त्रक्रियेने नंतर असंख्य बालके वाचली.

आता आपल्या विषयाचा भाग. थॉमस यांनी पुढे अनेक वर्षे हॉपकिन्सच्या तरुण सर्जनना प्रयोगशाळेत हात कसा चालवावा ते शिकवले. डेंटन कूली यांच्यासारखे पुढे जगभर गाजलेले सर्जन त्यांच्या हाताखालून गेले. ज्याला स्वतः रोग्यावर सुरी चालवण्याचा अधिकार नव्हता, तो सुरी चालवणाऱ्यांचा गुरू झाला. हॉपकिन्समध्ये त्यांचे तैलचित्र लागले १९७१ साली, सन्मान्य डॉक्टरेट मिळाली १९७६ साली. १९८५ साली ते गेले.

या गोष्टीतून आम्ही दोन बोध घेतो. एक, शिकवण्याचे सामर्थ्य पदात नसते. काम तुकड्यातुकड्यांनी उलगडून दाखवण्यात असते. दुसरा, ज्या हातात विद्या आहे तो हात जन्मावरून अडवला तर नुकसान त्या एका माणसाचे होत नाही, टेबलावरच्या लेकराचे होते.

मिटलेली मूठ

पाली वाङ्मयात एक शब्द आहे, 'आचरियमुट्ठि'. म्हणजे आचार्याची मूठ. त्या काळी गुरू विद्येचा शेवटचा भाग मुठीत झाकून ठेवत आणि मरताना एखाद्या लाडक्या शिष्याला देत. महापरिनिब्बान सुत्तात तथागत आनंदाला स्पष्ट सांगतात की धम्माच्या बाबतीत त्यांच्याकडे अशी मिटलेली मूठ नाही. आतले आणि बाहेरचे असा भेद न करता त्यांनी सर्व काही सांगितले आहे. जगाच्या शिक्षणाच्या इतिहासातली ही मोठी घोषणा आहे, असे आम्हाला वाटते.

सिगालोवाद सुत्तात तर आचार्याची पाच कर्तव्ये मोजून दिली आहेत. शिष्याला चांगले वळण लावावे. शिकवलेले त्याच्या नीट पचनी पडेल असे पाहावे. विद्येत काही हातचे न राखता सर्व शिकवावे. आपल्या मित्रमंडळीत त्याची चांगली ओळख करून द्यावी. आणि चारी दिशांना त्याला संरक्षण राहील असे करावे. शिष्याची कर्तव्येही तेथेच सांगितली आहेत. म्हणजे नाते दोन्ही बाजूंनी बांधलेले आहे. गुरूची मेहरबानी आणि शिष्याची लाचारी, असे ते नाते नव्हे.

जीवकाची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. राजगृहाच्या उकिरड्यावर टाकलेले मूल तक्षशिलेस जाऊन सात वर्षे वैद्यक शिकले. गुरूने त्याचे कुळ विचारल्याचा उल्लेख त्या कथेत आम्हाला आढळत नाही. शिक्षण कधी संपणार असे जीवकाने विचारले, तेव्हा गुरूने त्याच्या हातात कुदळ दिली आणि तक्षशिलेच्या भोवती योजनभर फिरून औषधी गुण नसलेली वनस्पती घेऊन ये म्हणून सांगितले. अशी एकही मिळाली नाही, असे सांगत जीवक परत आला. गुरू म्हणाले, तू शिकलास; आणि वाटखर्ची देऊन निरोप दिला. या कथेत मुदतीचा प्रश्न शिष्याने विचारला आहे, गुरूने प्रत्यक्ष कामाची कसोटी घेतली आहे आणि कसोटी उतरल्यावर 'तुला येते' असे तोंडाने सांगितले आहे. आजच्या किती निवासी डॉक्टरांना असे स्पष्ट शब्द ऐकायला मिळतात?

आपल्या देशात दुसरी कथाही आहे, एकलव्याची. अंगठा नसलेला धनुर्धर आणि अंगठा नसलेला सर्जन यांत फरक नाही. आज कोणी अंगठा कापून मागत नाही. अंगठ्याला तीन वर्षे काम दिले नाही तरी परिणाम तोच होतो.

मे २०१९ मध्ये मुंबईत स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातील तरुणीने आत्महत्या केली. प्रकरण न्यायालयात गेले. दोष कोणाचा हे न्यायालयाने ठरवायचे. आम्ही निकाल देणार नाही. पण घरच्यांनी केलेल्या आरोपांत जातीवरून छळाबरोबरच शिकण्याची संधी नाकारल्याचाही आरोप होता, हे विसरता येत नाही. टोमणा ऐकू येतो, त्याला साक्षीदार मिळतो. न दिलेली संधी ऐकू येत नाही. तिचा पुरावा हिशेबाच्या वहीतच सापडू शकतो. म्हणून आम्ही हिशेबावर जोर देतो.

पद्धत कशी असावी?

हे आमच्या डोक्यातून निघालेले नाही. गेल्या काही दशकांत अमेरिका, कॅनडा वगैरे देशांतील सर्जन शिक्षकांनी यावर बराच विचार केला आहे. त्यातील चार गोष्टी सांगतो. एकीलाही मोठा पैसा लागत नाही.

पहिली गोष्ट, हात धुताना दोन मिनिटे बोलणे. ऑपरेशनपूर्वी शिक्षक आणि विद्यार्थी शेजारी शेजारी उभे राहून हात घासतात. त्याच वेळी ठरवायचे की आज या विद्यार्थ्याने नेमके काय शिकायचे. २००९ साली अमेरिकेतील काही शिक्षकांनी ही पद्धत मांडली. आधी ठरवणे, मग ऑपरेशन चालू असताना त्याच मुद्द्यावर शिकवणे आणि शेवटी ड्रेसिंग चालू असताना चार वाक्यांत उजळणी: तुला स्वतःला काय वाटले, यातून कोणता नियम घ्यायचा, काय चांगले झाले, काय सुधारायचे. एकूण खर्च पाच-सात मिनिटांचा.

दुसरी गोष्ट, पायऱ्यांना नावे देणे. २०१३ साली प्रसिद्ध झालेली झ्विश श्रेणी नावाची एक साधी मोजपट्टी आहे. तिच्यात चार पायऱ्या. पहिलीवर शिक्षक करतो आणि बोलून दाखवतो. दुसरीवर विद्यार्थी करतो, शिक्षक पावलोपावली वाट दाखवत मदत करतो. तिसरीवर शिक्षक सांगितले तेवढीच मदत करतो, पुढचे पाऊल विद्यार्थ्याने ओळखायचे. चौथीवर शिक्षक फक्त लक्ष ठेवतो. शिवाय संपूर्ण ऑपरेशन एकदम द्यायची गरज नाही. हर्नियाचे काम घ्या. कातडीवर छेद, आतला पडदा उघडणे, पिशवी मोकळी करणे, जाळी बसवणे, टाके घालून बंद करणे. आज एक तुकडा, पुढच्या आठवड्यात दुसरा. रोगी सुरक्षित राहतो, कारण प्रत्येक तुकड्यावर अनुभवी डोळा आहे.

आमच्या बँकेत हे रोज चालते. नवीन कारकुनाने नोंद करायची, अधिकाऱ्याने तपासून पास करायची. कोणी किती रकमेपर्यंत पास करायचे ते कागदावर लिहिलेले असते. अनुभव आणि पद वाढेल तशी मर्यादा वाढते. साहेबांचा मूड पाहून ती ठरत नाही. पाचशेच्या नोटांसाठी आम्ही एवढी काळजी घेतो, मग माणसाच्या पोटासाठी का नको?

तिसरी गोष्ट, थिएटरबाहेरचा सराव. सुश्रुतसंहितेत यासाठी स्वतंत्र अध्याय आहे. छेद घेण्याचा सराव कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी यांवर करावा, शिवण्याचा जाड कापडावर आणि मऊ चामड्यावर, शीर टोचण्याचा मेलेल्या जनावराच्या शिरेवर आणि कमळाच्या देठावर करावा, असे त्यात सांगितले आहे. त्याच ग्रंथात शिष्य कोणाला करावे हे सांगताना मात्र वर्ण आडवा येतो. शूद्राला उपनयनावाचून, मंत्र वगळून शिकवावे, असे काहींचे मत म्हणून नोंदले आहे. साधन उत्तम, दार अरुंद. आपण साधन घ्यावे आणि दार रुंद करावे. आज दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा सराव पुठ्ठ्याच्या खोक्याला दोन भोके पाडून, आत मोबाइलचा कॅमेरा लावूनही करता येतो. खुर्चीच्या पाठीला दोरा बांधून गाठी मारता येतात. कॅनडातील टोरोंटो येथे १९९० च्या दशकात असे कौशल्य टेबलावर मोजण्याची परीक्षाच तयार झाली. परीक्षक समोर बसून हाताची सफाई, हत्यार धरण्याची रीत, ऊतींशी नाजूकपणा यांना ठरलेल्या तक्त्यावर गुण देतो. तक्ता समोर असला की मर्जीला जागा कमी उरते.

चौथी गोष्ट, नाव घेणे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली सुरक्षित शस्त्रक्रियेची एक यादी काढली. त्यात १९ बाबी आहेत. छेद घेण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगावे, ही त्यातली एक. जगातील आठ शहरांत, त्यात आपली नवी दिल्लीही होती, ही यादी वापरून पाहिली. २००९ साली निष्कर्ष आले. मोठ्या गुंतागुंतीचे प्रमाण शेकडा ११ वरून ७ वर आणि मृत्यूचे शेकडा १.५ वरून ०.८ वर आल्याचे दिसले. सगळे श्रेय नाव सांगण्याला नाही, यादीत इतर पुष्कळ आहे. पण 'ए, तू' म्हणून हाक मारली जाणारा विद्यार्थी चूक दिसली तरी बोलत नाही. ज्याने आपले नाव सांगितले आहे तो "सर, एक कापड मोजणीत कमी आहे" असे म्हणू शकतो. विद्यार्थ्याची प्रतिष्ठा हा रोग्याच्या सुरक्षिततेचा भाग आहे.

वही

या चारही गोष्टींना बांधून ठेवणारा धागा म्हणजे नोंदवही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमांतही लॉगबुक आहेच. म्हणजे नियम नाही असे नाही. पण ती वही महिनोन् महिने कोरी ठेवून शेवटी एका बैठकीत भरली आणि एकाच दिवशी सह्या घेतल्या, तर तिचा उपयोग काय? आमच्याकडे रोजच्या रोज मेळ लागल्याशिवाय घरी जात नाहीत. मार्चअखेरीस वर्षाची रोजकीर्द एकदम लिहिणाऱ्या माणसाला आम्ही कामावर ठेवणार नाही.

ही वही रोज लिहावी. 'हजर होतो' आणि 'केले' यांत फरक करावा. कोणता तुकडा केला, कोणत्या पायरीवर केला, ते लिहावे. दर महिन्याला युनिटमधील सगळ्या विद्यार्थ्यांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. कोणाच्या खात्यात सगळे जमा आणि कोणाच्या खात्यात नुसते रिट्रॅक्टर, हे मग कोणाला सांगावे लागणार नाही.

आता त्या तरुणाचे काय झाले ते सांगतो. आम्ही त्याला एवढेच सुचवले की तक्रार नंतर, आधी वही. त्याने मागच्या वर्षाची आठवेल तेवढी आणि पुढच्या तीन महिन्यांची रोजची नोंद लिहून काढली. पानामागून पान एकच शब्द, 'सहायक'. ती वही घेऊन तो युनिटच्या प्रमुखांना भेटला. रडला नाही, कोणाचे नाव घेतले नाही. म्हणाला, "सर, मला काय येत नाही ते सांगा, म्हणजे मी शिकून येतो." प्रमुखांनी पाने उलटली आणि बराच वेळ बोलले नाहीत. त्यांना हे ठाऊकच नव्हते. ते यादी मंजूर करत, आत कोण काय करतो ते मधल्या फळीवर सोडलेले. दुसऱ्या आठवड्यापासून उद्या कोणाला कोणता भाग द्यायचा ते आदल्या संध्याकाळी फळ्यावर लिहिले जाऊ लागले. मधल्या फळीतले दोघे काही दिवस त्याच्याशी बोलत नव्हते, हेही सांगितले पाहिजे. फुकट काही मिळत नाही. पण दुसऱ्या वर्षी त्याने पहिला हर्निया सुरुवातीपासून शेवटपर्यंत केला. शिक्षक समोर हाताची घडी घालून उभे होते. रोगी तिसऱ्या दिवशी चालत घरी गेला.

प्रत्येक ठिकाणी असे होईल, असे आम्ही म्हणत नाही. काही मुठी अज्ञानाने मिटलेल्या असतात, काही जाणूनबुजून. अज्ञानाने मिटलेली मूठ हिशेब दाखवला की उघडते. जाणूनबुजून मिटलेली उघडणार नाही. पण तोच हिशेब मग समितीपुढे, न्यायालयापुढे पुरावा होतो. दोन्ही परिस्थितींत वही उपयोगाची.

आपण काय करावे?

विद्यार्थ्यांनो, तुमच्याही कर्तव्याची बाजू आहे. आदल्या रात्री शरीररचना वाचल्याशिवाय थिएटरमध्ये पाय ठेवू नका. 'मला काहीच शिकवत नाहीत' असे म्हणण्याऐवजी 'आज मला एवढा भाग करू द्याल का?' असे विचारा. येत नसेल तर येत नाही म्हणा. रोग्यावर खोटी फुशारकी मारू नका, तेथे आपलीच आई झोपली आहे असे समजा. सिस्टर, भूलतज्ज्ञ, वॉर्डातले मामा यांच्याकडूनही शिका. व्हिव्हियन थॉमस यांना विसरू नका. अपमान सहन होईनासा झाला तर एकटे राहू नका. घरी सांगा, आम्हाला सांगा. या विहाराचे दार रात्रीही उघडता येते.

संस्थेपुढे आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या आपल्या प्रत्येक मुलामुलीमागे समाजातील एक अनुभवी डॉक्टर नेमावा. त्याने महिन्यातून एकदा फोन करून 'वही लिहिलीस का' एवढे तरी विचारावे. दुसरी, अभ्यासिकेच्या एका टेबलावर गाठी आणि टाके यांच्या सरावाचे साहित्य व एक सरावाचे खोके ठेवावे. आमची वर्गणी आम्ही आजच जाहीर करतो. तिसरी, गुणगौरवाच्या अर्जात टक्केवारीच्या रकान्याखाली एक रकाना वाढवावा: 'या वर्षी स्वतःच्या हाताने काय शिकलात?'

आणि शेवटचे. आज शिकणारे तुम्ही उद्या शिकवणारे व्हाल. तुमच्यासमोर एक घाबरलेला पोरगा रिट्रॅक्टर धरून उभा असेल. तो कोणत्या जातीचा, कोणत्या गावचा, इंग्रजी कसे बोलतो हे पाहू नका. यादी मोठी असेल, उशीर झाला असेल, तरी त्याला एक तुकडा द्या, त्याच्या शेजारी उभे राहा आणि त्याच्या वहीवर त्याच दिवशी सही करा. तुम्ही सोसले म्हणून त्यानेही सोसावे, असा हिशेब मांडू नका. तो हिशेब चुकीचा आहे, हे एक कारकून म्हणून आम्ही खात्रीने सांगतो.



नमो बुद्धाय! जय भीम!